बाणस्तारी ते सेंट हेलेना

गुरुवार होता, म्हणजे बाणस्तारीच्या बाजाराचा दिवस. फोंड्याहून पणजीला जाणारी बस थांबली आणि माणसांच्या आधी पाट्या, नारळ, तांबड्या भाजीच्या जुड्या आत चढल्या. सुक्या बांगड्यांचा वास माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्यामागून एक आजी. "मातशें सर गे बाये," म्हणत त्यांनी मांडीवर कापडी पिशवी ठेवली. पिशवीतून गावठी कोंबड्याची मान बाहेर आली होती. पाय बांधलेले असणार, कारण पिशवी अजिबात हलत नव्हती. हलत होता फक्त त्याचा डोळा. बस पुलावर चढली. खाली कुंभारजुव्याच्या कालव्याचं मातकट हिरवं पाणी, दोन्ही काठांना खारफुटी, आणि पलीकडे तिसवाडी. अर्ध्या मिनिटात पूल संपला. त्या अर्ध्या मिनिटात मी त्या कोंबड्याकडेच बघत होते आणि मला पाचशे वर्षांपूर्वीचा दुसरा एक कोंबडा आठवत होता. तो गलबतावरून समुद्रात पडला, लाटांनी त्याला किनाऱ्याला लावलं, आणि एका माणसाने त्याला भात खाऊ घालून वाढवलं. त्या माणसाला उजवा हात नव्हता. तो हात ज्या लढाईपायी गेला ती याच पाण्याच्या काठावर झाली होती.

त्या माणसाचं नाव फेर्नांव लोपिश. त्याची गोष्ट मी आधी वाचलेली होती, लोकांना सांगितलेलीही होती. त्या दिवशी घरी पोचल्यावर जे टोचत राहिलं ते वेगळंच होतं. इतक्या सगळ्या गोष्टीतून मला बसमध्ये पहिल्यांदा काय आठवावं?

कोंबडा आठवला होता. हात नंतर आठवला.

बाणस्तारीला आज किल्ल्याची खूण शोधायला गेलं तर फारसं काही डोळ्यांत भरत नाही. पण तिसवाडी हे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं बेट आहे हे एकदा ध्यानात आलं, की ही जागा एवढी महत्त्वाची का होती ते कळतं. जुनं गोवा शहर या बेटावर. मांडवी एकीकडे, जुवारी दुसरीकडे, आणि दोघींना जोडणारा हा अरुंद कालवा. घाटावरून येणाऱ्या सैन्याला इथेच पाणी ओलांडावं लागे. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा दुसऱ्यांदा घेतलं, शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, त्याचा आकडा स्वतःच राजाला पत्रातून कळवला, आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकायला निघून गेला. मागे ठेवलेल्या शिबंदीत लोपिश होता. आल्बुकेर्क लांब गेला तशी आदिलशाही फौज परत आली, बाणस्तारीला पाय रोवून बसली. पावसाळा, उपासमार, वेढा. त्या महिन्यांत काही पोर्तुगीज शिपाई पाणी ओलांडून पलीकडे, आदिलशहाच्या सरदाराकडे, रसूल खानाकडे गेले. त्यांनी धर्म बदलला. लोपिश त्यांच्यातला एक. का गेले असतील, याची उत्तरं लोक आपापल्या कलाप्रमाणे देतात: कुणी पोट म्हणतं, कुणी बाई, कुणी नुसती भीती. मला वाटतं, जिथे धन्याने आपल्याला ठेवून दिलंय तिथे आपण मरणार हे कळलं की माणूस पाण्याच्या पलीकडच्या काठाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. पण तो काही बिचारा नव्हता, हेही विसरून चालायचं नाही. परक्याचं शहर जिंकून त्यात पहारा देणाऱ्या सैन्यातलाच तो होता.

१५१२ मध्ये आल्बुकेर्क परतला आणि त्याने बाणस्तारीला वेढा घातला. तह झाला तेव्हा रसूल खानाने एक अट घातली: हे फितूर तुमच्या हवाली करतो, पण त्यांना जिवे मारायचं नाही. आल्बुकेर्कने शब्द दिला आणि अक्षरशः पाळला. त्यांची नाकं कापली, कान कापले, उजवे हात तोडले, डाव्या हातांचे अंगठे तोडले. डोक्याचे आणि दाढीचे केस उपटले. सगळं भर गर्दीसमोर. बरेच जण त्यातच मेले. लोपिश जगला. हे सगळं गास्पर कोर्रेया लिहून ठेवतो. तो त्याच १५१२ साली हिंदुस्थानात आलेला, आल्बुकेर्कच्या हाताखाली लेखनिकी केलेला माणूस. त्याचा बखरवजा ग्रंथ पुढे तीनशे वर्षं हस्तलिखितातच पडून होता. लिस्बनला छापला गेला तो १८५८ पासून पुढे. कोर्रेयाने हे आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलं, तेव्हा गोष्टीला थोडी धार चढली असेल, थोडी गोलाई आली असेल. पण शिक्षेची ती यादी वाचताना मला गोलाई कुठे दिसत नाही.

पुढची तीन वर्षं लोपिश गोव्यातच कुठेतरी होता. म्हणजे कुठे? कुणाच्या ओसरीला? जुन्या गोव्याच्या घोड्यांच्या, कापडाच्या, गुलामांच्या बाजारातून तो चालत असेल तेव्हा लोक बाजूला होत असतील की मुलं मागे लागत असतील? डाव्या हाताच्या चार बोटांनी माणूस भात कालवतो कसा? त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी माहिती याच तीन वर्षांची आहे, आणि माझ्या मनात सगळ्यांत जास्त तीच वर्षं येतात. नंतर, १५१५ च्या डिसेंबरात, आल्बुकेर्क गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी गलबतावरच मेला, आणि लोपिशने पोर्तुगालला जाणारं जहाज धरलं. तिकडे त्याची बायको होती, मुलं होती. जहाज हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेचं टोक वळून, अटलांटिकमध्ये सेंट हेलेनाला पाणी भरायला थांबलं. तिथे तो उतरला आणि रानात लपला.

ज्या घराकडे निघाला होता, त्याच्या अर्ध्या वाटेवर.

सेंट हेलेना म्हटलं की आपल्याला नेपोलियन आठवतो. तो तिथे १८१५ मध्ये पोचला, लोपिशच्या तीनशे वर्षांनंतर. पण हे बेट जगाच्या नकाशावर आलं ते हिंदुस्थानातून परतणाऱ्या जहाजांमुळे. जुआंव द नोव्हाला ते १५०२ मध्ये दिसलं, मलबारहून मिरी घेऊन परतताना. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ते १,९०० किलोमीटरहून जास्त लांब आहे. क्षेत्रफळ सव्वाशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही. काळ्या ज्वालामुखी दगडाचे कडे सरळ समुद्रात उतरलेले, आणि वर, ढगांत, गर्द रान. माणूस नाही, जमिनीवरचं एकही मोठं जनावर नाही. एवढ्याशा ठिपक्यापाशी जहाजं दरवर्षी कशी पोचायची, याचं उत्तर वाऱ्यात आहे. केप ऑफ गुड होप ओलांडला की आग्नेयेकडचा व्यापारी वारा शिडात भरतो आणि गलबत वायव्येला ढकलत नेतो. बेट बरोबर त्या वाटेत. हिंदुस्थानकडे जाताना मात्र तोच वारा तोंडावर येतो, म्हणून जाणारी जहाजं ब्राझीलच्या बाजूने लांबचा वळसा घेत आणि सेंट हेलेना त्यांच्या वाटेतच येत नसे. म्हणजे हे बेट फक्त परतणाऱ्यांचं होतं. सहा-सहा महिने खारवलेलं मांस खाऊन हिरड्या सुजलेल्या, पाय काळेनिळे पडलेल्या खलाशांना इथलं गोडं पाणी म्हणजे जीवदान. जे फारच आजारी असत त्यांना थोडा शिधा देऊन इथेच उतरवत. जगले तर पुढच्या वर्षीच्या जहाजाने घरी.

लोपिशला शोधून खलाशी थकले तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी बिस्किटांचं पिंप, सुकं मांस, सुके मासे, मीठ, जुने कपडे आणि पेटता विस्तव ठेवला. विस्तव ठेवायचं ज्याला सुचलं, तो माणूस मला फार जवळचा वाटतो. लोपिशने चार बोटांनी आणि हाताच्या थोटाने जमिनीत बीळ खोदलं आणि त्याच्या तोंडाशी काटेरी झुडपं ओढून घेतली. पुढच्या वर्षी दुसरं जहाज आलं. त्यांना गवताचं अंथरूण दिसलं, कपडे दिसले, माणूस दिसला नाही. त्यांनीही तांदूळ, चीज वगैरे ठेवलं आणि चिठ्ठी लिहिली: लपू नकोस, तुला कुणी काही करणार नाही. ते जहाज शिडं उभारून निघालं तेव्हा त्यावरचा कोंबडा पाण्यात पडला. पुढे तो लोपिशच्या मागे मागे फिरायचा, हाक मारली की यायचा, रात्री त्याच्याच बिळात झोपायचा. मग वर्षं गेली, जहाजं येत राहिली, बियाणं ठेवत राहिली. डाळिंबं आली, भोपळे आले, माड आले. बदकं, कोंबड्या, डुकरं, शेळ्या वाढल्या. खलाशी उतरले की त्यांना ताजी फळं मिळू लागली. ज्या आरमाराने त्याचा हात तोडला त्याच आरमाराच्या हिरड्या त्याच्या बागेने बऱ्या केल्या. ही गोष्ट उदात्त आहे असं बरेच जण म्हणतात. मला त्यात उदात्तपणाइतकंच काहीतरी असह्यही वाटतं, आणि या दोन्हींपैकी एकच निवडणं मला जमत नाही.

पोर्तुगीजांच्या बेटांच्या गोष्टी सलग वाचल्या की त्यांत एक चाल दिसू लागते. बेट दिसतं, नाव ठेवलं जातं, आणि मग तिथे काहीतरी सोडलं जातं. मदेराजवळच्या पोर्तु सांतु बेटावर पहिल्या वसाहतवाल्यांपैकी पेरेस्त्रेलोने एक ससीण आणि तिची पिल्लं सोडली; थोड्याच काळात सशांनी लावलेलं सगळं फस्त केलं आणि माणसांनाच काही काळ बेट सोडून जावं लागलं. मदेरावर जंगल साफ करायला आग लावली, ती कित्येक वर्षं धुमसत होती अशी आख्यायिका आहे. ट्रिस्टन द कुन्याच्या नावाचं बेट तर त्याने १५०६ मध्ये नुसतं लांबून पाहिलं. समुद्राने उतरूच दिलं नाही, आणि तरी नाव त्याचंच राहिलं. सगळ्यांत वाईट गोष्ट साओ तोमेची. स्पेनमधून पळून आलेल्या ज्यूंची लहान मुलं राजा दुसऱ्या जुआंवच्या हुकमाने १४९३ मध्ये आईबापांपासून तोडून त्या उष्ण, तापाच्या बेटावर वसाहत करायला धाडली. त्यांतली बहुतेक मेली. ससे सोडायचे तिथे ससे, मुलं सोडायची तिथे मुलं. गुन्हेगारही सोडायचे: अनोळखी किनारा आला की जहाजावरच्या शिक्षा झालेल्या कैद्याला आधी उतरवायची रीतच होती. कालिकतला १४९८ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्यातून जो पहिला माणूस किनाऱ्यावर धाडला गेला, तो असाच एक कैदी होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात गामाचं चित्र होतं. त्या कैद्याबद्दल मला खूप उशिरा कळलं. धोका नव्या किनाऱ्याचा असो की रिकाम्या बेटाचा, पहिलं पाऊल ठेवायला ज्याच्या जिवाची किंमत कमी तो पुढे, आणि नकाशावर नाव कप्तानाचं.

लोपिश या यादीत बसतो आणि बसत नाही. त्याला कुणी सोडलं नाही, तो आपण होऊन राहिला. पण ज्याला नाकाकानांशिवाय आपल्या मुलांसमोर उभं राहायचं होतं, त्याच्या 'आपण होऊन'मध्ये किती खुषी असणार?

शेळ्यांचंही सांगायला हवं. त्या गलबतांवरूनच उतरल्या, कुणी पहिल्यांदा सोडल्या कोण जाणे, आणि ज्या रानाने कधी चरणारं जनावर पाहिलेलं नव्हतं त्यात त्या वाढत गेल्या. १५८८ मध्ये इंग्रज कप्तान केव्हेन्डिश तिथे उतरला तेव्हा शेळ्यांचे प्रचंड कळप डोंगरउतारावर होते. जुनी झाडं उभी राहिली, पण रोपं वर येईनात. शेळी कोवळा कोंब तेवढा नेमका खाते. नंतर इंग्रजांच्या काळात जळणासाठी तोड झाली ती वेगळीच. या बेटाखेरीज जगात कुठेही नसलेली झाडं एकेक करून संपली. तिथलं ऑलिव्हचं झाड रानातून १९९४ मध्ये गेलं, आणि जपून वाढवलेलं शेवटचं रोप २००३ मध्ये. तिथला एबनी तर शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला जात होता. मग १९८० मध्ये जॉर्ज बेंजामिन या बेटावरच्याच माणसाला एका कड्यावर, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा जागी, दोन झुडपं दिसली. कुणीतरी दोर बांधून खाली उतरून त्यांच्या फांद्या आणल्या, त्या रुजवल्या, आणि आता त्या दोन झुडपांची हजारो लेकरं बेटावर लावली आहेत. लोपिशच्या डाळिंबांचं कौतुक करताना मला हे एबनी आठवतं. ज्याने बाग केली त्याच्या डोळ्यांसमोर एक आख्खं रान होतं, आणि त्याच्या बागेबरोबर जे आलं त्याने ते रान संपवलं. त्याला दोष देत नाही मी. त्याला भूक होती, सोबत हवी होती.

पुढे त्याची कीर्ती लिस्बनपर्यंत पोचली. राजा तिसऱ्या जुआंवने त्याला भेटीला बोलावलं. तो गेला, राजाराणीला भेटला, तिथून रोमला गेला. पोप सातव्या क्लेमेंटसमोर त्याने आपलं पाप कबूल केलं, क्षमा मागितली. ती मिळाली. आणि मग पोपकडे त्याने आणखी एकच मागणं मागितलं, की मला माझ्या बेटावर परत धाडायला राजाला सांगा. राजाने धाडलं. तिथेच तो १५४५ च्या सुमारास मेला. बायकोमुलांच्या शहरात राहणं त्याला शक्य होतं, कदाचित मठात जागा मिळाली असती, पोटापाण्याची सोय झाली असती. तो परत गेला. हे वाचलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. शिक्षा, पश्चात्ताप, क्षमा, घरवापसी. गोष्ट पुरी होते. कोंबडा लक्षात राहण्याचं कारणही मला इथेच सापडलं. जे बघवत नाही त्याच्या शेजारी कोर्रेयाने काहीतरी बघवेल असं ठेवलंय, आणि माझी नजर आपसूक तिकडे वळते.

लोपिशनंतर चाळीसेक वर्षांनी, १५८९ मध्ये, लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीतून परत जाताना सेंट हेलेनाला थांबला. त्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्या प्रवासवर्णनात आहे; ते १५९६ मध्ये छापलं गेलं आणि त्याने डचांना पूर्वेची वाट उघडून दिली. तो लिहितो, की इथल्या अंजिराच्या झाडांवर खलाशांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत, काहींखाली १५१०, १५१५ अशी सालं आहेत, आणि झाडांबरोबर अक्षरंही वाढून वीतभर झाली आहेत. घरी परतणाऱ्या, जगलेल्या माणसांनी चाकूने कोरलेली नावं. मी हा परिच्छेद खूप आनंदाने वाचला होता. चार ओळींनंतर त्याने दुसरी एक हकीकत सांगितली आहे.

कधीतरी जहाजांवरून पाच गुलाम पळाले होते. मोझांबिककडचे दोन आफ्रिकी पुरुष, जावा बेटाकडचा एक, आणि दोन बायका. ते डोंगरात, जिथे वाट नाही अशा दगडांत लपले. त्यांना मुलं झाली, आणि होता होता ते वीस जण झाले. जहाजं आली की ते वर जात, गेली की खाली येत. त्यांच्यासाठी कुणी तांदूळ ठेवला नाही, लपू नका अशी चिठ्ठी लिहिली नाही. त्यांना धरायला माणसं पाठवली गेली. डोंगर त्यांच्या ओळखीचा, म्हणून बराच काळ ते हाती लागले नाहीत. अखेर धरले, आणि सगळ्यांना पोर्तुगालला नेलं. लिन्स्कोटेनने हे चारचौघांत सांगायच्या गमतीसारखं सांगून टाकलं आहे. त्यांची नावं नाहीत. कुणाला किती वर्षं झाली होती ते नाही. बायकांना बाळंतपणात कोण होतं, मुलं कुठली भाषा बोलत होती, ते त्या अंजिराची फळं खात होते का, काही नाही. त्यांच्या गोष्टीत जवळ घ्यावं असं काही नाही, म्हणून मीही ती वाचून विसरले होते. त्या गुरुवारनंतर पुन्हा पुस्तक काढलं तेव्हा कळलं.

सेंट हेलेनाचा पहिला रहिवासी म्हणून लोपिशचं नाव घेतात आणि ते खरंच आहे. पण त्या बेटावर पहिलं कुटुंब कुणी थाटलं हे विचारलं, तर ज्यांची नोंद आहे ते हे लोक. त्यांतली मुलं त्या डोंगरातच जन्मली होती. लिस्बन, मोझांबिक, जावा यांतलं कुठलंच गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. लोपिशने परत जायची परवानगी मागितली तेव्हा ती द्यायला राजा होता, शब्द टाकायला पोप होता. या मुलांना जहाजावर चढवताना, तुम्हाला कुठे राहायचंय, हे कुणी विचारलंही नसणार.